बटण लावताना टोचलेली सुई

लाडके धाकटे,
तुला आणि घरच्या सगळ्यांना ताईचे पोटभर आशीर्वाद.

काल बोटाला सुई टोचली आणि मी आनंदाने ओरडले! वेड लागलेलं नाही गं मला. फुटक्या काचेने मनगटातली संवेदनेची नस कापली गेल्यापासून आठ महिने ते बोट नुसतं लाकूड झालं होतं. डॉक्टरांनी नस जोडून, ती पुन्हा वाढावी म्हणून तिथे मूळपेशी सोडल्या, त्यातलं मला काय कळतंय? मला कळतो तो व्यायाम. व्यायाम घेणारी पोर रोज वाटीतल्या गोट्या उचलायला लावते.

काल तिच्या कोटाचं बटण लोंबत होतं. माझ्यासारख्या शिंपिणीला ते बघवतं होय? कोट ओढून घेतला नि टाके घालायला बसले. तिसऱ्या टाक्याला सुई बोटात!

“आजी, लागलं?” पोर घाबरली.

“लागलं गं बाई, चांगलं लागलं!”

गुण पेशींचा की व्यायामाचा, हे डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत. अंगठा अजून झोपलेलाच आहे, पण तू त्याचा घोर लावून घेऊ नकोस. तुझा खोकला कसा आहे?

माझं शिलाई मशीन कुणाला तरी देऊन टाक, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं ना? ते पत्र फाड आणि मशीनला तेल घाल.

तुझी, बोट चोखत बसलेली,
ताई