बोटाने घट्ट, वर पाव फेरा

४ फेब्रुवारी

चि. खटपटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या परवाच्या फोनचा खरा खर्च सांगतो. पाऊण तास, गार झालेला चहा, आणि अर्धवट उघडून ठेवलेला बसचा एक ब्रेक, ज्याचा स्क्रू अजून सापडत नाही. तुझी मामी म्हणते, भाचीचं रडणं त्या मानाने स्वस्तात पडलं.

मला समजलं ते असं. तुमच्या रोबोचा हात दाबाच्या हवेवर चालतो. रोबो उभा असला की हात खोकं छान उचलतो, पळायला लागला की मध्येच अडतो. स्पर्धा मार्चमध्ये. तुमच्या संघाच्या कप्तानबाईंचं म्हणणं, वीस तारखेपर्यंत हात सुधारला नाही तर हवेचं सगळं सामान उतरवायचं आणि मोटरचा हात बसवायचा. दीड वर्ष खपून हा हात तू केलास, आणि तो उतरवायचा पानाही तुझ्याच हातात देणार. हे सांगताना तुझा आवाज फाटला, ते मी ऐकलं.

फोन एकेका जोडाजवळ धर म्हटलं, तू धरलास, आणि डाव्या सिलिंडरपाशी मला बारीक स्स्स ऐकू आलं. हवा गळते आहे, दुसरं काही नाही. अडतीस वर्षं बसच्या एअर ब्रेकखाली पाठ घासली आहे. या कानांतून आजवर एकही गळती सुटलेली नाही. यार्डाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून सांगतो, मागचं डावं चाक. तेव्हा तो जोड उघड, नवी टेप गुंडाळ, आणि मी शिकवलेलं विसरू नकोस : बोटाने घट्ट, वर पाव फेरा. जास्त आवळलंस तर पितळ चिरतं.

आणि पुढचं मला पत्राने कळव. चालकाने तक्रार स्वतःच्या हाताने लिहून दिल्याशिवाय मी पाना उचलत नाही, हे तुला माहीत आहे. बोलताना माणूस नुसता चिडतो. लिहिताना त्याला आठवावं लागतं, आधी काय झालं आणि नंतर काय.

ताईला काही बोललेलो नाही. वेळेवर जेवत जा. माझा लोभ टाकीत भरून ठेवला आहे, काटा खाली येणार नाही.

तुझा,
मामा


११ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

डावा जोड तीनदा उघडला, तीनदा टेप गुंडाळली, तीनदा पाव फेरा दिला. साबणाचं पाणी लावलं तर एक बुडबुडा येईल तर शपथ. तुम्ही ऐकलेलं स्स्स आमच्या वर्कशॉपच्या टेबलफॅनचं होतं, असं माझ्या मैत्रिणीचं मत आहे. मी अजून तुमच्या बाजूने आहे, पण एकटीच.

आता तुमच्या पद्धतीने तक्रार लिहिते. टाकीत सात बार हवा भरतो, म्हणजे जवळजवळ तुमच्या बसएवढा दाब. मग कॉम्प्रेसर बंद करून त्याची नळी काढून टाकतो. टाकी आणि हात यांच्यामध्ये विजेचा व्हॉल्व्ह आहे, काडेपेटीएवढा. आत तारेचं वेटोळं. त्यातून वीज वाहिली की त्याचा लोहचुंबक होतो आणि काडीएवढी पिन ओढून घेतो. तेवढ्या वाटेने हवा सुटते आणि सात किलोचं खोकं वर जातं. मामा, मी हे दोनशे वेळा पाहिलं असेल, अजून अंगावर काटा येतो. टाकीवर दाबाचा सेन्सर आहे. त्याच्या आत एक पातळ पडदा असतो, हवेने तो केसाच्या जाडीएवढाही वाकत नाही, आणि तेवढ्या वाकण्याचा आकडा होऊन माझ्या स्क्रीनवर येतो. आकडा पाचाच्या खाली गेला तर हाताला कुलूप लागेल, असं आम्हीच प्रोग्राममध्ये घातलं आहे, अर्धवट उचललेलं खोकं कुणाच्या पायावर पडू नये म्हणून.

चाकं थांबलेली असताना आकडा सात. चाकं सुटली की आकडा पाचाच्या खाली, हात बंद. चाकं थांबली की आकडा पुन्हा सात.

मामा, इथे मी पेन खाली ठेवलं आणि वरची ओळ पुन्हा वाचली. कॉम्प्रेसर बंद होता, नळी काढलेली होती. गळून गेलेली हवा परत येईल कुठून?

१२ फेब्रुवारी, दुपार

पत्र तसंच टाकून वर्कशॉपमध्ये गेले. टाकीवर साधा काट्याचा गेजही आहे. आकडा दिसत असल्यामुळे महिनाभर तिकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. चाकं फिरवली. आकडा पडला, काटा मात्र सातावर ढिम्म. हवा होती तिथेच होती. खोटं सेन्सर बोलत होता, आणि तोही बिचारा उपाशी म्हणून. त्याला पाच व्होल्ट लागतात. मीटर लावला तर चाकं सुटल्याबरोबर साडेतीनच्याही खाली. रोबोच्या मेंदूला वेगळी छोटी बॅटरी असल्यामुळे तो जागा राहायचा, म्हणून विजेचा संशयच कुणाला आला नाही.

तार धरून मागे मागे जात मोठ्या बॅटरीपाशी पोचले. तिच्या बोल्टला बोट लावलं तर चटका बसला. बोल्ट सैल होता. चाकं एकदम करंट मागायची, त्या सैल जोडातून तो पुरेसा यायचा नाही, आणि सगळ्यांचाच व्होल्टेज बसायचा.

तो बोल्ट सप्टेंबरमध्ये मीच लावला होता. बोटाने घट्ट, वर पाव फेरा.

पान्याने आवळला आणि दहा वेळा चाकं पळवली. आकडा सात. कप्तानला अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला. रागावलात तरी पत्रात रागवा, फोनवर नको.

तुमची,
खटपटी


१६ फेब्रुवारी

चि. खटपटीस,
आशीर्वाद, आणि या खेपेला थोडा नमस्कारही.

पत्र दोनदा मनात वाचलं, तिसऱ्यांदा मामीला मोठ्याने. हवा परत येईल कुठून, या ओळीशी मी दर वेळी अडलो. आकडा परत येतो हे तू फोनवरही म्हणाली होतीस. मी तेव्हा तुमचा टेबलफॅन ऐकत होतो. दाब पडला म्हणजे गळती, एवढं एकच मी इतकी वर्षं धरून बसलो आहे. केसाएवढंही न वाकणाऱ्या पडद्याचा आकडा होतो, आणि तो आकडा उपाशीपोटी खोटं बोलतो, हे वाचून मी यार्डातल्या बसखालच्या खड्ड्याच्या काठावर बसलो आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून काढलं.

पाव फेऱ्याचा नियम पितळेच्या जोडांचा. विजेचा बोल्ट पान्याने आवळायचा, खाली स्प्रिंग वॉशर घालायचा, आणि शेवटी तार धरून ओढून बघायची. मला वाटलं हे तुला ठाऊक असेल. तुला वाटलं मामाचा नियम सगळीकडे चालतो. चूक निम्मी माझी. पण कप्तानला सांगशील तेव्हा पूर्ण तुझी म्हणून सांग, कारण बोल्टवर हात तुझा होता. वीस तारखेच्या आधी सांग. हात नीट चाललेला सगळ्यांनी पाहिल्यावर दिलेल्या कबुलीला किंमत नसते.

माया पान्याने आवळलेली आहे, काळजी नसावी.

मामा


२१ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र एकोणीसला मिळालं, त्याच संध्याकाळी कप्तानला सांगितलं. तिने बोल्ट दाखवायला सांगितला, तार स्वतः ओढून बघितली. मग रोबोभोवती फिरून सगळ्याच तारा ओढल्या. दोन हातात आल्या. दोन्ही तिने लावलेल्या. त्यानंतर तिचा आवाज बराच मऊ झाला.

काल वीस फेऱ्या पळवला आणि विसाही वेळा खोकं उचललं. कप्तान एवढंच म्हणाली की मोटरचा हात परत कपाटात ठेवा. हात राहिला, मामा. मी बाहेर जिन्यात जाऊन बसले आणि रडले, ते तुम्हाला ऐकू गेलं नसावं.

तारा ओढून बघण्याला आता सगळे मामाची तपासणी म्हणतात. मामा बनवणं म्हणायचं नाही, अशी ताकीद मी दिली आहे. सहा मार्चला स्पर्धा. मामीला घेऊन या. वाट बघते, नाही आलात तर लोभात कपात होईल.

खटपटी


९ मार्च

चि. खटपटीस,
अनेक आशीर्वाद.

गर्दीत तुझ्याशी बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. आम्ही वरच्या रांगेत होतो. तिथून तुमचा रोबो माझ्या हत्यारांच्या पेटीएवढा दिसत होता. घंटा झाली, तो सुटला, आणि पळता पळताच त्याने हात वर केला. खोकं वर गेलं आणि वरच राहिलं. कुणाचा हात लागलेला नाही, दोरी नाही, काही नाही. मामीने माझं मनगट धरलं होतं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

अडतीस वर्षं मी हवेला एकच काम करताना पाहिलं, गाडी थांबवणं. फार तर दार उघडणं. हवा काही उचलून धरते, आणि इतक्या अलगद, हे मी या वयात पहिल्यांदा पाहिलं. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, यात तुमचं कोण आहे. मी खाली बोट दाखवलं. त्यांना वाटलं, रोबो माझा.

चोवीस संघांत अकरावे आलात याचं ताईला वाईट वाटलं. मी तिला सांगितलं, सोळा खोकी उचलली, एक पाडलं नाही, बाकीचं कप्तानबाई बघतील.

परत आल्यावर साबणाच्या पाण्याची एक बाटली खड्ड्यापाशी ठेवली आहे. तिचा उपयोगही झाला. लोभ पूर्वीसारखाच, वर पाव फेरा.

तुझा,
मामा

ता. क. काल एका बसखाली आधी कानाने गळत्या शोधल्या, मग साबणाचं पाणी लावलं. कानाला दोन सापडल्या. पाण्याला पाच.