मुसळीची साल अजून पांढरी

८ नोव्हेंबर २०२४

चि. रिनास,
आईचा जय भीम. जावईबापूंनाही सांग. बाळाचा खोकला गेला का? वरोऱ्याचं पाणी मानवलं म्हणतेस, पण फोटोत तुझे गाल बसलेले दिसतात. दूध पीत जा.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. आपल्याकडे रेंज येते ती फक्त शेतातल्या मचाणावर, आणि तिथं तुझे बाबा ठाण मांडून असतात. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल काय बोलू?

धान कापून झालं. यंदा बाबांनी जंगलाकडच्या बांधीत, त्या लहानशा शेततुकड्यात, सफेद मुसळी लावली होती. पानं पिवळी पडून गळाली, वर नुसती माती. पण खाली कंद पोसत असतो. त्याची पांढरी साल तपकिरी व्हायला अजून महिना हवा, तोवर खणायचं नाही. हे रानडुकरांना मात्र कुणी सांगितलेलं नाही. म्हणून रोज सांजेला बाबा टॉर्च घेऊन राखणीला.

मी म्हटलं, "आताच खणू. कमी भरल तं भरल."

"कच्ची खणली तं सुकल्यावर सुतळी उरते. व्यापारी हातात बी घेत नाई. अन् पुढच्या सालचं बियाणं कुठून आणशील?"

या घरात मुसळीपुढे बायकोचं काही चालत नाही.

रिना, तुला सांगणार नव्हते. मागच्या सोमवारी शेजारच्या गावच्या वारलूला वाघानं नेलं. तोही राखणीलाच होता. उजाडताना मचाणावरून खाली उतरला, तेवढंच. त्याच्या बायकोला भेटायला गेले, तर माझा हात धरून एकच विचारत होती, "बाई, मी त्याले काऊन जाऊ देलं?"

तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. आपल्या बांधावरही पंजे उमटलेत, मी पाहिले. वनखात्याचा माणूस म्हणाला, मादी आहे, सोबत पिल्लं आहेत. बाबांना सांगितलं तर हसले. "तिले मुसळी आवडत नाई."

काल ते आरमोरीच्या बाजाराला गेले आणि मी कुदळ घेऊन बांधीत उतरले. एकटीच. सगळ्या सऱ्या उकरल्या. कंद निघाले ते बारके, पाणचट, नख लावलं की साल सुटणारे. दर दोन हातांवर मागं वळून पाहत होते. वर्षाचं पीक मातीत घालतेय, हे कळत होतं, तरी हात थांबेना. राखायला काही उरलंच नाही तर माणूस घरी राहील, दुसरं काही डोक्यात नव्हतं.

सांजेला ते आले. अंगणातला ढीग पाहिला. मी शिव्यांची वाट पाहत उभी. त्यांनी एक कंद उचलला, नखानं खरवडला, परत ठेवला. हात धुऊन जेवले. मग टॉर्च घेतला.

"आता कुठी चालले? बांधी रिकामी हाय!"

"पोचूची मुसळी हाय ना जमिनीत." पोचू म्हणजे आपला शेतशेजारी, तुला माहीतच आहे. "आमी दोघं एकमेकाले हाक देत रात काढतो. मी नाई गेलो तं त्याले हाक कोन देईन?"

पीक माझ्या हातानं गेलं आणि भीती जिथल्या तिथं राहिली. रात्रभर मी दाराशी बसून होते. सकाळी ते दिसले तेव्हा मी रडले, आणि वर त्यांनाच रागावले.

पोचूच्या मुसळीची सालही पांढरीच आहे. म्हणजे अजून महिना.

आज सांजेपासून मीही मचाणावर जाणार आहे. ते नको म्हणतील, म्हणू देत. मला भीती वाटते रिना, फार वाटते. पण घरात एकटीनं भिण्यापेक्षा त्यांच्याजवळ बसून भिईन. आवाज माझाही मोठा आहे, तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

बाळाचा मुका घे. आमच्यासाठी धावत येऊ नकोस, लेकरू लहान आहे.

चूल विझवून निघालेली,
तुझी आई