कोठाराच्या भिंतीवरची बाई

तुर्कू, ३ ऑक्टोबर १९८६

ती. राईलीताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांच्या कोठाराची रंगवलेली भिंत संग्रहालयात उभी राहिली आणि माझी झोप उडाली. संग्रहालयाच्या बाईंनी चित्रांना खालून वर आकडे दिलेत. चुलीपाशी लाल रुमालवाली बाई, मग दारात, मग बर्फातल्या रस्त्यावर, आणि सगळ्यात वर स्टेशनावर ठिपक्याएवढी. खाली पाटी : ‘घर सोडून गेलेली पत्नी’. बाबांनी तिचं तोंडच काढलेलं नाही, तरी बाईंना सगळं कळलं!

आई परत आली त्याला वर्षं झाली, तरी ती स्वीडनला निघून गेली तो हिवाळा गाव अजून चघळतंय. बाबा वारल्यावर आता तिला हे बघायला लावायचं? १२ तारखेला, रविवारी, तिला इथे आणू नकोस. हवं तर बूट लपव.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी सिर्का

पेल्टोला, ७ ऑक्टोबर

चि. सिर्कास अनेक आशीर्वाद.

शहाणे, गाईंना गवत घालायची पाळी आली की तुझं पोट दुखायचं, त्याचं हे फळ! शरद ऋतूत कोठार आढ्यापर्यंत भरलेलं असायचं. त्या हिवाळ्यात बाबा गवतावर उभे राहून भिंत रंगवायचे. गाई खातील तसं गवत खाली, बाबाही खाली. म्हणजे स्टेशन पहिलं आणि चूल शेवटची, वसंतातली. बाई जात नाही गं, येतेय! संग्रहालयाच्या बाईंना सांग, आकडे उलटे करा.

आईला आणतेच. बूट तिने आत्ताच पुसून ठेवलेत.

इकडची काळजी नको, तुझी मात्र वाटते.
राईली

तुर्कू, १३ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

काल तू गाडी आणायला गेलीस तेव्हाचं तुला सांगायचं राहिलं. बाईंनी पाटी काढली आणि आईलाच विचारलं, जातेय की येतेय? आईने वरपासून खालपर्यंत भिंत पाहिली. मग म्हणाली की ती गेली तेव्हा परत न येण्यासाठीच गेली होती, आणि आल्यावर त्या कोठारात कधी चढली नाही. हा माणूस अख्खा हिवाळा तिला एकेक पाऊल घरी आणत होता आणि तोंडाने चकार शब्द बोलला नाही, म्हणून तिने भिंतीलाच चांगलं झापलं. बाई दचकल्या. मला हसू आवरेना.

मग माझा हात धरून हळूच म्हणाली, मुलींसाठी परत आले, असं त्याला शेवटपर्यंत सांगत राहिले. ते खोटं होतं, आले ते त्याच्यासाठी.

ताई, मी तिथेच रडले. तिला घट्ट जवळ घे, आणि उरलंसुरलं मलाही असू दे.
सिर्का