रबराची कवळी

प्रकाशा, ता. ९ फेब्रुवारी १९३८

चि. बन्सीलाल यास कौसाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे ठीक. तुझी खुशाली कळव.

दिवाळीत माझ्या हिरड्यांचा ठसा नेऊन तू पोस्टाने कवळी धाडलीस, ती मोडली. शेजारच्या गजराबाईच्या नातीच्या लग्नात, भर पंगतीत, मधोमध दोन तुकडे झाले. बाया हसल्या. मी तोंडाला पदर लावून उठले, तेव्हापासून कोणाकडे जात नाही. गजराबाई दारात येऊन म्हणाली, "बाई, तू बोलस काब्र नही?" का बोलत नाही ते न सांगता नुसती मान हलवली. तुझे दाजी गेल्यापासून घर तसंही गप्पच आहे. तुकडे पाठवते. रागावले नाही, पण कशाने मोडली ते बघ.

तुझी वाट पाहणारी,
अक्का

मुंबई, ता. २१ फेब्रुवारी १९३८

ती. अक्काच्या चरणी बन्सीलालचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुकडे पाहिले. वरून गुळगुळीत, आत पावासारखी जाळी. मी कवळ्या करतो त्या दवाखान्यातले दातांचे डॉक्टर सांगतात, रबर म्हणजे लांबच लांब धागे आणि गंधक त्यांना एकमेकांत बांधतं. साच्यात दाबून ते वाफेवर शिजवताना आच हळूहळू चढवावी लागते. एकदम चढवली तर आत वायू कोंडून छिद्रं पडतात. गरम साचा पाण्यात बुडवला तर कवळी वाकते. मी तापाने पडलो होतो तेव्हा तुझी कवळी दुसऱ्या कारागिराने घाईत उरकली.

ठसा जपून ठेवला होता. रविवारी दवाखाना बंद, मी एकटाच वाफेच्या भांड्यापाशी बसलो. साचा आपसूक निवेपर्यंत हात लावला नाही. इथे रविवारी मला बोलावणारं कोणी नाही, त्यामुळे घाई कसली? कवळीसोबत शिजवलेला रबराचा जादा तुकडा मोडून पाहिला, आतून भरीव निघाला. कवळी पार्सलने धाडली आहे.

माया आहे तशीच ठेव.
तुझा बन्सी

प्रकाशा, ता. ८ मार्च १९३८

चि. बन्सी यास आशीर्वाद. वि. वि.

कवळी मिळाली, चपखल बसली. ज्वारीची भाकरी वरच्या कडक पोपड्यासकट खाल्ली. उद्या गजराबाईकडे जाईन म्हणते.

दात नव्हते तेव्हा तुझ्या नावातला 'सी' नुसता वाऱ्यासारखा निसटायचा. काल कवळी बसवून ओसरीत उभी राहिले आणि तुला हाक मारली. नाव अगदी स्पष्ट उमटलं. मग थोडा वेळ तशीच उभी राहिले, ओ येते का म्हणून.

सवडीने ये.
अक्का