आज कोणता देश बोलला?

दिग्रस,
६ फेब्रुवारी १९६३

प्रिय नलू,

आधी ‘वहिनी’ लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. यवतमाळच्या वसतिगृहात तीन वर्षं एका खोलीत राहिलेल्या मैत्रिणीला आज नात्यानं हाक मारायची मला लाज वाटते. दादासाठी तुझं नाव मीच सुचवलं होतं. तू मारेगावला गेलीस त्याला दोन महिने उलटून गेले आणि एवढ्या दिवसांत मी साधं कार्डही टाकलं नाही. कालपासून मन जागेवर नाही. वर्गात मुलं पाढे म्हणत होती, त्यांचा तेराचा पाढा चुकला तरी मला कळलं नाही.

तू गेल्यावर बाबांनी नवीनच क्रम धरला. जिनिंगमधून सुटले की अंगावरचा कापूस न झटकता थेट वाचनालयात जायचे. बाबा अक्षराला अक्षर जोडून वाचतात, म्हणून धावजी गुरुजी त्यांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवत. गुरुजी म्हणजे तांड्यातले पहिले मास्तर, आता निवृत्त झालेत. बाबांचा प्रश्न रोज एकच. “गुरुजी, आज कोनता देश बोलला?” लढाई थांबली होती, चिनी फौजाही आपण होऊन मागे सरल्या होत्या, पण दादा कुठं आहे हे कोणी सांगत नव्हतं. ‘बेपत्ता’ एवढीच तार आली होती. साऱ्या जगानं चीनला दोष दिला की पकडलेली माणसं सोडावीच लागतील, असं बाबा धरून बसले. इंग्लंड बोललं, अमेरिका बोलली, मलायासारखा लहानसा देशही स्पष्ट बोलला. घरी येऊन ते ही नावं आईला ऐकवत आणि आई चुलीकडे तोंड करून ऐकत राही.

हा भरवसा कुठून आला हे तुला ठाऊक आहे. इजिप्तवर तिघा देशांनी हल्ला केला तेव्हा जगभरातून निषेध झाला, आपणही केला, आणि त्या तिघांना मागे फिरावं लागलं. मग त्या सीमेवर युनोतर्फे पहारा द्यायला आपली जी पलटण गेली तिच्यात दादा होता. वाळूत उभा राहून काढलेला त्याचा फोटो तू लग्नानंतर पुसून पुन्हा भिंतीला लावलास. बाबांच्या लेखी जगाचं बोलणं म्हणजे डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट होती. म्हणून इजिप्त काय म्हणतं याची ते फार वाट पाहत होते. गेल्या महिन्यात सहा देशांनी कोलंबोत बसून केलेला मसुदा छापून आला. त्या सहांत इजिप्तही होतं. गुरुजींनी तो दोनदा वाचला. कोणी किती मागं सरायचं ते त्यात होतं, हल्ला कोणी केला हे कुठंच नव्हतं. “आपलं पोरगं त्यायच्या दारात उभं होतं,” बाबा म्हणाले, “अन् ते काहून बोलून नाही राह्यले?” गुरुजींनी चष्मा काढला आणि ते हळूच म्हणाले, “डोमाजी, हंगेरीत रशियाचे रणगाडे घुसले तवा आपुन तरी कुठं लवकर बोललो?”

त्या संध्याकाळी बाबा न जेवताच बसून होते. पुन्हा पुन्हा तेच. समोर दिसत असताना माणसं गप्प कशी राहतात? आणि नलू, मला एकदम राहवेना. मी म्हणाले, “बाबा, नलूले आई अंगणात बोलली तवा तुम्ही काय बोलले?”

मी हे त्यांना विचारलं खरं, पण मीही तिथंच होते. तार आली त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या रुखमाबाईंसमोर आई म्हणाली, “हिचा पाय घरात पडला अन् माह्या लेकाचा पत्ता नाही.” तू तांदूळ निवडत होतीस. सूप खाली ठेवून तू आधी बाबांकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. बाबा पायातल्या वहाणा पाहत राहिले. मी आत जाऊन उगाच भांडी लावत बसले. नागपूरला दीक्षा घेऊन आम्हाला सहा वर्षं झाली, मी शाळेत मुलांना शुभ-अशुभ खोटं असतं असं शिकवते, आणि घरात तुझ्या पायावर ठपका आला तेव्हा माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. दोन दिवसांनी तुझे उकंडामामा तुला न्यायला आले, तेव्हा ट्रंक उचलायलाही मी बाहेर आले नाही.

माझ्या प्रश्नावर बाबा उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं वाचनालयात जाणं बंद झालं.

आता कालचं सांगते. दुपारी टपाल आलं. दादा जिवंत आहे, नलू. तो चिन्यांच्या कैदेत आहे. रेडक्रॉसमार्फत त्याचं पत्र आलं, मोजून चार ओळींचं. अक्षर त्याचंच आहे. आई ते पत्र छातीशी धरून कितीतरी वेळ रडली, मग मला म्हणाली, “नलूले लिही, ये म्हणा. झालं गेलं सोडून दे म्हणा. पोरगं घरी आलं अन् त्यानं इचारलं तर काय सांगाचं?”

तसं पत्र मी लिहिणार नाही. आईची चूक झाकायला तू यावंस असं मला वाटत नाही. येत्या रविवारी सकाळच्या एस्टीनं मी आणि बाबा मारेगावला येतो आहोत. बाबांनी कालच ठरवलं. उकंडामामांसमोर आणि तुमच्या शेजाऱ्यांसमोर आम्ही दोघं सांगणार आहोत की तुझा काहीही दोष नव्हता, आणि आम्ही भित्रेपणानं गप्प राहिलो. आईला मी हे सांगितलंय, ती रागावली आहे. परत यायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तर आम्ही चहा घेऊन निघू आणि दादाला खरं काय झालं ते मी लिहीन. हे सगळं रविवारी तोंडानंही सांगता आलं असतं. पण दादाच्या चार ओळींपैकी शेवटची ओळ ‘नलूला एकटं पडू देऊ नका’ अशी आहे, आणि ती तू रविवारपर्यंत न वाचता राहावीस हे मला सहन होईना. आई झोपली होती तेव्हा मी तिच्या उशाखालून ते पत्र काढलं. ते या पाकिटात आहे. तुझ्याजवळच ठेव.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
विजयमाला