दोरीवरचा फोटो

कुमी, रविवार

एंटेबेत सुखाने नांदणारे आमचे एकुलते मेहुणे एसाबू यांस, दाजींचा नमस्कार.

तुमची पाठदुखी उतरली असेल, अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. (ठीक म्हणजे तुमची आचोमताई गेल्यावर जितपत असू शकतं तितपत. नाचणीच्या पिठाची घट्ट आताप आता चुलीवर मीच ढवळतो. शेजारीण म्हणते, भिंतीला द्यायचा चुना छान घोटता.)

नात अकितेंग चार वर्षांची झाली. तिची आई कंपालात नोकरीला, म्हणून पोरगी माझ्याजवळ. ऐकते सगळं, बोलत मात्र नाही. बालवाडीच्या आमुलेनबाईंनी तिच्यासाठी चित्रं दिली होती: पाणी, केळं, झोप, शी. ती दोरीला चिमट्याने लावायची, आणि हवं ते पोरीने काढून आपल्या हातात द्यायचं. शिवाय हातांच्या खुणा. मी तेव्हा म्हणालो होतो, अशाने पोरगी तोंड उघडायची कशाला? तुमच्या ताईने मला 'पुरे'ची खूण करून दाखवली आणि सगळं स्वतः शिकून घेतलं. आता शिकायची पाळी माझी.

बोटांची टोकं जुळवून टकटक केली की 'आणखी'. ताई गेल्यावरच्या प्रार्थनेला आलेल्या उपदेशकांपुढे (बिस्किटांची बशी नेमकी त्यांच्या पाठीमागे) पोरीने ती खूण केली. खुणेचा अर्थ मीच त्यांना आधी सांगून ठेवला होता. भल्या माणसाने डोळे पुसले आणि प्रवचन पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. केळ्याचं चित्र शेळीने खाल्लं. तेव्हापासून केळं हवं असलं की पोरगी शेळीलाच ओढत घरात आणते.

दोरीवर ताईचा फोटोही होता. पोरगी रोज उठली की तो काढून माझ्या हातात द्यायची आणि दाराकडे बघत बसायची. मला सोसेना. मी तो शेंगदाण्याच्या पोत्यामागे लपवला. दुसऱ्या दिवशी तिने दोरीवरचं एकूण एक चित्र काढलं, माझ्या मांडीवर आणून टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मग काही मागेचना. पाणीसुद्धा नाही.

घाबरून आमुलेनबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "आजोबा, घरातली साखर संपली म्हणून 'साखर' हा शब्द टाकून देता का तुम्ही?"

फोटो परत लावला. आता ती तो आणून देते, मी दोन्ही तळवे उघडून 'नाही' करतो, तीही तसंच करते. मग आम्ही दोघं थोडा वेळ उंबऱ्यावर बसतो. त्यानंतर ती पाणी मागते. बोलत अजून नाही. बाई म्हणतात, बोलेल किंवा नाही बोलणार, पण सांगेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा दाजी,
इकिरिंग

ता.क. तुमच्या लग्नात ताईचा एक हसरा फोटो काढला होता, तो पाठवा. इथला पोरीने हाताळून पुसट केलाय.

ता.क. पुन्हा: पोरीने फक्त कोपरा चावलाय. चेहऱ्यावरून जो अंगठा फिरलाय तो चार वर्षांच्या पोरीचा नाही. दोन प्रती पाठवा.