टायरच्या आतल्या बाजूचे चार आकडे

१४ एप्रिल, सोमवार

टायर बदलायचे नाहीत म्हणे! वेंडलचं आज पुन्हा तेच. “नक्षी बघ, नखभर खोल आहे. कशाला बदलायचे?” ऑक्टोबरपासून आमचं हे चाकांवरचं घर, हा ट्रेलर, बेन्सनच्या या ट्रेलर-पार्कात जागचं हललेलं नाही. चाकांवर पांढऱ्या टोप्या घातल्या की झालं, ऊन लागत नाही, टायर अमर! पुढच्या महिन्यात घरी नेब्रास्काला परतायचं. अकराशे मैल.

शेजारची फर्न तिच्या पायरीवर बसून ऐकत होती. म्हणाली, “टायर आणि नवरा, ओपल — बाहेरून दोन्ही धडधाकटच दिसतात.” वेंडलही हसला. पण नाही म्हणजे नाही.

१५ एप्रिल

ऑक्टोबरात येताना ट्रेलरचं वजन केलं होतं, ती चिठ्ठी सापडली. चार चाकांवर आठ हजार तीनशे पाउंड, उरलेला भार ट्रकच्या हुकावर. टायरवर छापलंय त्याप्रमाणे चारही मिळून दहा हजार पेलतात. म्हणजे झेपतंय. पण हे टायर नवे असतानाचं गणित झालं. ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, म्हातारा होऊन मरतो. आणि हा ट्रेलर आम्ही जुना घेतलेला. “टायर नवेकोरे आहेत” हे विकणाऱ्याचे शब्द.

शेवटी म्हटलं, तारीख तरी वाच. ती आतल्या बाजूला. वेंडल बॅटरी घेऊन खाली सरपटला, बराच वेळ पडून राहिला. “छत्तीस-वीस. वीस सालचा छत्तिसावा आठवडा. साडेचार वर्षं. अजून एक उन्हाळा आरामात.”

हुश्श. उगाच डोकं खाल्लं त्याचं.

१६ एप्रिल

विलकॉक्सच्या टायरवाल्या रमीरोला टायरचा भाव विचारून ठेवला होता, त्याचा फोन आला. म्हणाला, “बाई, आत्ता नका घेऊ हवं तर. पण आकड्यांचा फोटो पाठवा, मी बघून सांगतो.” मी हात लांब करून फोन खाली धरला आणि फोटो काढला.

३६१६.

स्वच्छ. सोळा. साडेआठ वर्षांचे टायर. दोन ठिकाणी भेगाही.

वेंडलला फोटो दाखवला. त्याने फोन लांब धरला, जवळ धरला, परत लांब. म्हणाला, “मग, तेच तर म्हटलं मी.”

मी जाऊन भांडी घासत बसले.

१७ एप्रिल

झोप नाही. सगळं आठवतंय. डेमिंगला पंपाच्या खांबाला घासलेला ट्रेलर — “खांब रंगवायला नको का यांनी?” लास क्रूसेसला चुकलेला फाटा. आणि प्रवासभर मी मोठ्याने वाचलेल्या पाट्या! “वाच गं, तुझा आवाज ऐकला की बरं वाटतं.” गेली दोन वर्षं मी खूश होऊन वाचतेय. बावळट कुठली.

त्याला दिसत नाही. आणि माझ्या शेजारी बसून तो चार टन ओढतोय. मला भीती वाटते, आणि त्याहून जास्त राग येतो.

१९ एप्रिल

टायर मागवले. विचारलं नाही, सांगितलं. ट्रकचे टायर घालावेत असं फर्नचं मत. रमीरो म्हणाला, ट्रेलरचेच घ्या, ते वळताना कुशीवर पडणारा भार सोसतात. फक्त एक पायरी वरचे, दहा पदरी घ्या. त्यांत हवा जास्त भरावी लागते, पण तुमच्या रिंगांना तेवढी चालते, मी पाहिलंय. चार आणि एक जादा.

वेंडल एवढंच म्हणाला, “बघ बाई, तुझं राज्य.”

२३ एप्रिल

रमीरो आपली व्हॅन घेऊन इथेच आला. चढवायच्या आधी प्रत्येक टायर उभा करून म्हणाला, “साहेब, तारीख वाचून घ्या. मागाहून तक्रार नको.”

वेंडल उभा. टायरकडे बघतोय. मान लाल झाली त्याची.

“अकरा-पंचवीस,” मी म्हटलं. “गेल्या महिन्यातले. पाचही.” रमीरो कामाला लागला.

तो गेल्यावर वेंडल पायरीवर बसला. कॉफी दिली, ती तशीच धरून राहिला. मग म्हणाला, “टायर जुने आहेत हे मला माहीत होतं, ओपल. वाटलं, ते बदलले नाहीत तर तू निघणार नाहीस, जायचं टळेल. तारीख तर मी अंदाजानेच ठोकली. दिसत नाही हे सांगण्यापेक्षा टायरवर ढकलणं सोपं.”

मी खूप बोलले. जे बोलले ते इथे लिहीत नाही. मग दोघं रडलो आणि कॉफी ओतून नवी केली.

२८ एप्रिल

टूसॉनला वेंडलचे डोळे तपासून आलो. मोतीबिंदू! दोन्ही डोळ्यांत. फक्त मोतीबिंदू! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात, दुसऱ्याचं तीन आठवड्यांनी. तोवर स्टिअरिंगला हात नाही. मी काय काय धरून बसले होते मनात. परतीच्या वाटेवर ट्रक मी चालवला आणि वेंडल घोरत होता.

१० मे

जत्रेच्या रिकाम्या मैदानावर ट्रेलर मागे घेण्याची शिकवणी. गुरुजी वेंडलच, सध्या एका डोळ्याचे. सहा पिंपं ठेवली, चार पाडली. फर्न खुर्ची घेऊन बघायला आली होती.

१७ मे

एक पाडलं.

९ जून

निघालो. पट्ट्या सुटल्या, डॉक्टरीणबाईंनी वेंडलला गाडी चालवायची परवानगीही दिली. पण सकाळी त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. मला वाटलं, पहिले पन्नास मैल मानाचे.

बोवीला थांबलो. नवे टायर चढवले की थोडे मैल गेल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळायलाच हवेत. त्याने सगळी चाकं केली, टक टक करत. मी ट्रकची किल्ली पुढे केली. म्हटलं, “घे आता तुझी जागा.”

म्हणाला, “नको. मला हे ओढायला कधीच आवडलं नाही. पहिल्या दिवसापासूनच नाही. तुला आवडेल का, हे कधी विचारलंच नाही मी.”

पुढे लॉर्ड्सबर्गपर्यंत पाट्या त्याने वाचल्या. एकूण एक. मला आवडतं चालवायला. फार आवडतं.